वीतभर वायर

मिस्त्रीला लोक पाठीमागे एरंडेल म्हणत. सकाळी दुकानाचं शटर वर करताना त्याचा जो चेहरा असायचा तोच संध्याकाळी खाली ओढताना. मधल्या दहा तासांत कपाळावरच्या आठ्या तेवढ्या वाढायच्या. तोंडावर असं काही म्हणायची कुणाची बिशाद नव्हती, कारण माणूस कितीही कडू असला तरी हात सोन्याचे होते. वाकडं चाक तो बोटाने तारा छेडून, नुसत्या आवाजावर सरळ करायचा. असा हात असला की लोक शिव्याही प्रसादासारख्या घेतात. त्याने तर त्या वाटायचं व्रतच घेतलं होतं.

दुकान म्हणजे दोन इमारतींमधली बोळ. कुणीतरी कधीतरी वर पत्रा टाकला आणि पुढे शटर बसवलं, झालं दुकान. एक सायकल उजव्या भिंतीला चिकटवून उभी केली की डाव्या बाजूला मिस्त्रीचं स्टूल आणि हत्यारांची फळी एवढ्याला जेमतेम जागा उरायची. गिऱ्हाइकाने उंबऱ्याबाहेर उभं राहूनच बोलायचं. मिस्त्रीला ते बरंच होतं. गिऱ्हाईक आत आलं की सल्ला देतं, आणि सल्ला देणाऱ्या माणसाइतकं निरुपयोगी जनावर त्याने पाहिलेलं नव्हतं.

साखळीला स्वयंपाकघरातलं तेल घालणाऱ्यांचा त्याला तिटकारा होता. मोबाइलवर बघून, अर्ध्या हळकुंडाने पिवळे होऊन येणाऱ्यांचा त्याहून जास्त. पण या दोघांनाही त्याने माफ केलं असतं, इतका राग त्याला मोटरवाल्या सायकलींचा आला. ‘पायांत दम नाही म्हणून मोटर, आणि किती दम नाही ते वाचायला पुढे ही डबी,’ असं तो म्हणायचा. डबी म्हणजे मीटर. हँडलवर डाव्या मुठीजवळ बसतो, वेग दाखवतो, बॅटरी किती उरली ते दाखवतो. आपण स्वतः त्या सायकलीवर कधी बसणार नाही, हे त्याने जाहीर केलं होतं. ‘मला दात आहेत. घास दुसऱ्याकडून चावून घ्यायची वेळ आलेली नाही.’

पण काम ते काम. गावात मोटरवाल्या सायकली वाढल्या तशा त्यांच्या डब्याही त्याच्याकडे येऊ लागल्या, आणि काय अवस्थेत यायच्या! कुणी चिकटपट्टीने गुंडाळलेली, कुणी सुतळीने आवळलेली. एका शाळेतल्या बाईंनी तर खाली जुना मोजा भरला होता. ‘काय झालंय मीटरला?’ मिस्त्रीने त्यांना विचारलं. ‘थंडी वाजते?’ बाई चाळीस पोरांना धाकात ठेवणाऱ्या, पण तिथे उंबऱ्यावर लाल झाल्या आणि मोजा मुकाट्याने पर्समध्ये घालून घेतला.

त्याची पद्धत मात्र बघण्यासारखी होती. आधी हँडल स्पिरिटने पुसून कोरडं करायचं. मग मीटर हँडलला धरून ठेवणाऱ्या कड्याच्या आत रबराची पट्टी, कारण हँडल जाड-बारीक कसंही असतं आणि कडं नुसतं आवळलं तर एक तर घसरतं नाही तर तडकतं. पट्टीची फट आणि कड्याची फट एकासमोर एक येऊ द्यायची नाही. दोन स्क्रू आलटून पालटून, अर्धा अर्धा आटा, आणि शेवटचा पाव आटा चावीचं आखूड टोक दोन बोटांत धरून. जोर लावला की आटे गेलेच. मग मीटर मुठीत धरून तो गदगदा हलवायचा. अख्खी सायकल थरथरायची, मीटर हूं की चूं करायचा नाही. मीटरपासून मोटरकडे जाणारी वायरही तशीच. ब्रेकच्या केबलीला जोडून, सांगाड्याला चापूनचोपून बांधलेली, बोटभरही सैल नाही. ‘लोंबती वायर म्हणजे नाकातला शेंबूड,’ तो म्हणायचा. शेवटी हँडल डावीकडे पूर्ण वळवून बघायचा, आणि सायकल मागे ओढून बाहेर.

समोरच्या फुटपाथला त्याच्या मेहुण्याचं दुकान होतं. बायकोचा धाकटा भाऊ, म्हणजे नातं तोडताही येईना. काचेचा दरवाजा, आत बाक, बाकावर उशी. मेहुणा गिऱ्हाइकाला सायकलीवर बसवायचा, मीटर दिसतो का, ऊन चमकतं का विचारायचा, आणि मागच्या अंगणात दोन फेऱ्या मारून यायला सांगायचा. ‘शिंपी आहेस का रे मापं घ्यायला?’ मिस्त्री रस्त्यापलीकडून ओरडायचा. मेहुणा हसायचा. त्याने बसवलेले मीटर दोन महिन्यांत कलायचे, वायरीला तर इतका झोल की त्यात पाय अडकावा, आणि लोक पुन्हा त्याच्याचकडे जाऊन बाकावर बसायचे. सैल माणसाचं सैल काम, असं मिस्त्रीने त्याच्याबद्दल एका वाक्यात ठरवून टाकलं होतं.

साऱ्या जगाला कवडीची किंमत देणाऱ्या या माणसाच्या हिशेबी एकच माणूस किमतीचं होतं. त्याची ताई. त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता. ताईने त्याला कडेवर घेऊन शाळेचे धडे पाठ केले, त्याला झोपवून परीक्षा दिल्या आणि नर्स झाली. गेली तीस वर्षं ती घरोघर जाऊन अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या जखमा धुवायची, ड्रेसिंग बदलायची, इंजेक्शनं द्यायची. वस्ती चढावरची, आणि ताईच्या उजव्या गुडघ्याची वाटी झिजलेली. त्यात ऑफिसात नवीन साहेब आले. त्यांनी फर्मान काढलं की रोज बारा घरं होतील त्यांनीच फेरीवर राहावं. ज्यांना झेपत नाही त्यांना स्टोअररूममध्ये बसवू. साहेब स्वतः पहिल्या मजल्यावर लिफ्टने जात, ही गोष्ट वेगळी.

‘खोलीत बसून कापसाचे बोळे मोजू?’ ताई म्हणाली. ‘त्या म्हाताऱ्यांना माझ्या हाताची सवय आहे. मला फेरीच हवी.’ आणि तिने मोटरवाली सायकल घेतली. कुणाकडून तरी वापरलेली. सगळं ठीक होतं, फक्त मीटरचं कडं फुटलेलं आणि मीटर वायरीला लोंबकळत होता.

तिने ती मिस्त्रीच्या उंबऱ्याशी आणली तेव्हा तो मोटरवाल्या सायकलींबद्दल एक अक्षर बोलला नाही. साबणाने हात धुतले आणि कामाला लागला. ताई बाहेर उभी राहून बघत होती.

‘बॅटरी किती उरली ते दिसलं पाहिजे रे,’ ती म्हणाली. ‘शेवटची तीन घरं पार वर आहेत. मध्येच संपली तर मी आणि सायकल, दोघी रस्त्यात बसू.’

‘दिसेल.’

‘हलणार नाही ना?’

‘ताई, जग हलेल.’

तसं काम त्याने आयुष्यात केलं नव्हतं. रबराची पट्टी तीनदा कापून तीनदा फेकली. वायर इतकी सफाईने बांधली की ती सांगाड्यावर रंगवल्यासारखी वाटावी.

अडीच महिने ताईची बारा घरं रोज होत होती. दर रविवारी ती जेवायला यायची आणि दर रविवारी मिस्त्री विचारायचा, ‘मीटर काय म्हणतो?’

‘जागचा हलला नाही,’ ताई म्हणायची. मिस्त्री मान हलवायचा आणि बायकोकडे बघायचा, कारण समोरचा तो मेहुणा तिचाच भाऊ होता आणि हे तिला ऐकवायलाच हवं होतं. ताई खाली बघून जेवायची.

मग एका मंगळवारी दुपारी फोन आला की ताई एका पेशंटच्या फाटकापाशी पडली. मिस्त्री दवाखान्यात पोचला तेव्हा उजव्या मनगटाला प्लास्टर चढत होतं. सहा आठवडे, डॉक्टर म्हणाले. ताईचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण दुखण्याने नव्हे. ती सहा आठवड्यांची बारा बारा घरं मनात मोजत होती.

‘कसं झालं?’

‘कुत्रं आडवं आलं,’ ताई म्हणाली.

झालं! मिस्त्रीने कुत्र्यांवर तोंड सोडलं, मग कुत्री पाळणाऱ्यांवर, मग त्यांना मोकाट सोडणाऱ्यांवर. तिथली नर्स येऊन गप्प बसा म्हणाली, तर तिच्यावर. शेवटी ताईनेच त्याला सायकल आणायला पाठवलं, दवाखान्यात शांतता हवी म्हणून.

सायकल पेशंटच्या अंगणात टेकवून ठेवलेली होती. त्या घरातली सून बाहेर आली. हवालदिल झाली होती बिचारी. ‘सिस्टर कशा आहेत?’ तिने विचारलं.

‘कुत्रं कुणाचं होतं?’ मिस्त्रीने उलट विचारलं.

‘कुत्रं? इथे कुठलं कुत्रं? त्या आत वळताना पडल्या. रोज फाटकाबाहेर उतरतात आणि सायकल हाताने आत आणतात. आज सासऱ्यांना धाप लागली होती, मीच फोनवर लवकर या म्हटलं. घाईत बसूनच वळल्या, आणि ते हँडल मध्येच धरल्यासारखं थांबलं.’

‘थांबलं म्हणे,’ मिस्त्री म्हणाला. ‘बाई, हँडल आहे ते, बैल नव्हे.’ तिला तिथेच ठेवून तो सायकलीकडे वळला. आधी मीटर बघितला. केसभर हलला नव्हता. एवढं पडूनही! त्या क्षणीसुद्धा त्याला बरं वाटलं, हे सांगायलाच हवं. माणूस असा होता.

मग त्याने सायकल फाटकाबाहेर काढायला उजवीकडे वळवली. हँडल अर्ध्यावर आलं आणि थांबलं.

त्याने जोर लावला. नाही. डावीकडे वळवलं, मऊ लोण्यासारखं शेवटपर्यंत गेलं. पुन्हा उजवीकडे, पुन्हा अर्ध्यावर. बेअरिंगला एक शिवी हासडून तो खाली वाकला, आणि त्याला वायर दिसली. मीटरपासून सांगाड्यापर्यंत ताणून उभी राहिलेली. हँडलचं डावं टोक पुढे जायला बघत होतं आणि वायर त्याला जाऊ देत नव्हती. कडं जरा सैल असतं तर मीटर थोडा फिरला असता आणि वायरीला जागा मिळाली असती. मेहुण्याने बसवला असता तर नक्कीच फिरला असता. पण हा मिस्त्रीने बसवला होता. तो फिरणार नव्हता.

दुकानात सायकल उजव्या भिंतीला चिकटलेली असते. उजवीकडे हँडल वळतच नाही, चाक भिंतीला लागतं. म्हणून त्याने आजवर एकही मीटर बसवून हँडल उजवीकडे वळवून पाहिलेलं नव्हतं, आणि बसून फेरी मारायची तर शपथच होती. साध्या सायकलींना कधी नडलं नाही. सरळ रस्त्यावर नडतही नाही, हँडल तिथे वळतं किती? नडतं ते फाटकात, गल्लीच्या तोंडाशी, जिथे माणूस हळू असतो आणि पाय टेकायच्या बेतात असतो.

सून अजून दारात उभी होती. तिला काहीतरी म्हणायला हवं होतं. मिस्त्रीला ते जमलं नाही. फाटकापाशी पुढचं चाक उचलून त्याने सायकल वळवली आणि ओढत निघाला.

वाटेत त्याने स्वतःची समजूत घातली. दोन वर्षांत चाळीसच्या वर मीटर बसवले; एकाची तरी तक्रार आली? नाही. म्हणजे हे ताईच्याच सायकलीचं काहीतरी. वापरलेली सायकल, वायर मुळातच तोकडी. वाढीव वायर जोडली की काम फत्ते. तसली वायर त्याच्याकडे नव्हती, असले चोचले तो ठेवत नसे. मेहुण्याकडे असणार. सायकल बोळीत लावून तो रस्ता ओलांडून गेला आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्या काचेच्या दरवाज्यातून आत शिरला.

‘मीटरची जोडवायर आहे का? एक गिऱ्हाईक आलंय,’ तो म्हणाला. ‘महामूर्ख. वायर तोडून घेतलीय.’

मेहुण्याने काही विचारलं नाही. खालचा खण ओढला. ‘वीतभर ना?’

‘तुला काय माहीत किती?’

‘तुमच्याकडून आलेल्यांना वीतभरच लागते, भाऊजी,’ मेहुणा बोलून गेला, आणि बोलल्यावर त्याच्या तोंडचं पाणी पळालं. खणात वीतवीतभर वायरींची जुडी होती, वर रबर लावलेली.

मिस्त्री जुडीकडे बघत राहिला. ‘किती जण?’

‘बरेच.’

‘आणि मला एकजण बोलला नाही?’

‘तुम्हाला कोण बोलणार? लोक येतात, म्हणतात वळताना ओढतंय, जोडून द्या, पण मिस्त्रींना कळू देऊ नका. उद्या चाक सरळ करायला त्यांना तुमच्याचकडे जायचं असतं ना. त्या शाळेतल्या बाई तर वायरीवर काळी पट्टी लावून घेऊन गेल्या, तुम्हाला दिसू नये म्हणून.’

‘तू तरी?’

‘मी?’ मेहुणा हसला, पण नेहमीसारखं नाही. ‘वीस वर्षं तुम्ही मला रस्त्यापलीकडून शिंपी म्हणताय. मी तुम्हाला सांगू, तुमचं काम चुकतंय?’

मिस्त्रीला खरं तर एवढ्यावर निघून जायचं होतं. पण एक प्रश्न विचारल्याशिवाय पाय निघेना. ‘ताई आली होती का?’

मेहुण्याने खण लावला, पुन्हा उघडला. ‘आल्या होत्या. पहिल्याच महिन्यात. मी म्हटलं, दोन मिनिटांचं काम आहे. तर म्हणाल्या, नको, हे त्याच्या हातचं आहे, दुसऱ्याचा हात लागलेला त्याला लगेच ओळखू येईल. मी उतरून वळवीन. मी म्हटलं, मी सांगतो भाऊजींना. तर शपथ घातली.’

उतरून. त्या गुडघ्याने. बारा घरं, आणि त्यांतली किती उजव्या हाताला, ते ताईलाच माहीत. जो गुडघा वाचवायला सायकल घेतली त्याच गुडघ्यावर ती अडीच महिने दर उजव्या वळणाला उतरत होती आणि पुन्हा चढत होती, आणि दर रविवारी त्याला सांगत होती की मीटर जागचा हलला नाही. मिस्त्रीने वायर घेतली. मेहुण्याला शिंपी न म्हणता तो बाहेर पडला, आणि त्याच्या बाबतीत ही गोष्ट लिहून ठेवण्यासारखी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो सायकल घेऊन ताईच्या घरी गेला. दुकानात त्याला तिला हात लाववेना; जोडवायर खिशातच होती. ताई खिडकीपाशी बसली होती, प्लास्टरचा हात उशीवर. ऑफिसातून माणूस येऊन गेला होता. साहेब म्हणाले होते की सहा आठवडे थांबू. त्यानंतर बारा घरं झाली तर फेरी, नाही तर स्टोअररूम.

‘होतील,’ मिस्त्री म्हणाला. ‘मी वायर आणलीय. आत्ता अंगणात बसून जोडतो.’

ताईने प्लास्टरचा हात उशीवर नीट केला.

‘कुत्रं नव्हतं,’ तो म्हणाला.

‘नव्हतं.’

‘मला सांगायचं होतंस, ताई. मी काय परका होतो?’

‘आले होते सांगायला,’ ताई म्हणाली. ‘दोनदा. पहिल्यांदा तू कुणालातरी झापत होतास. त्या माणसाचा चेहरा बघवेना, म्हणून परत फिरले. दुसऱ्यांदा दुकानात कुणी नव्हतं. तू मान वर केलीस आणि नुसतं म्हणालास, “काय गं?” आणि माझं तोंडच उघडेना. मी म्हटलं, सहज आले, चहा पिऊन जाते.’ ती थांबली. ‘अरे, मी तुझं नाक पुसलंय. आणि मला तुझी भीती वाटली. घरी येऊन मी रडले, माहीत आहे? वायरीसाठी नाही.’

मिस्त्री खाली बघत होता. आयुष्यभर तो लोकांना म्हणत आला होता की तोंड आहे तर बोला, मुकं जनावर आहात का. आता ते वाक्य त्याच्याच अंगावर उलटलं.

‘चुकलं माझं,’ तो म्हणाला. नीट ऐकूही आलं नाही.

‘असू दे,’ ताई म्हणाली. ‘सायकल तुझ्या मेहुण्याकडे टाक.’

‘ताई, वीतभर वायर फक्त. दहा मिनिटांत करतो. दोन्हीकडे वळवून, स्वतः बसून बघतो.’

‘तू चांगलंच करशील रे. तुझ्यासारखा हात त्याला सात जन्मांत यायचा नाही. पण उद्या आणखी काहीतरी ओढेल, काहीतरी अडकेल, आणि आता पडले तर माझी फेरी गेली. मला ज्याला सांगता येतं त्याच्याकडे ती असू दे.’

मिस्त्री उठला, वायर ताईच्या खिडकीत ठेवली, पुन्हा उचलून खिशात घातली आणि सायकल घेऊन बाहेर पडला. मेहुण्याच्या दुकानापर्यंत तीन उजवी वळणं होती. तिन्ही वेळा त्याने पुढचं चाक उचलून सायकल वळवली.